व्हायोलिनचा भाग

एसटीत त्यांनी दोन तिकिटं काढली, एक स्वतःचं आणि एक वाद्याचं. तेव्हापासूनच मला तो माणूस आवडेनासा झाला.

जवाहरनगरहून भंडाऱ्याला येणारी दुपारची गाडी होती. तिथल्या दारूगोळा फॅक्टरीच्या कॉलनीतल्या दोन शिकवण्या आटोपून मी खिडकीशी बसलो होतो, मांडीवर व्हायोलिनची पेटी. त्या गाडीत मला सगळे ओळखायचे. ओळखतीलच. भंडाऱ्यात व्हायोलिन म्हटलं की एकच नाव निघायचं आणि ते माझं. शाळेत संगीताचा मास्तर मी, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी, दिवाळीनंतर गावोगावी झाडीपट्टीची नाटकं लागली की वादकांत पहिल्या खुर्चीवर मी. आणि तेवढ्यात हे गृहस्थ माणसाच्या उंचीची काळी पेटी कवेत घेऊन गाडीत चढले. पंचावन्नच्या आसपासचे, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला फॅक्टरीचा पास.

"साहेब, मयत आणलं काय?" कंडक्टर म्हणाला. सगळी गाडी हसली.

"चेलो आहे. दोन तिकिटं द्या, भंडारा."

"सामानाले कायले तिकीट? मागं टाका ना."

"सामान नाही ते. ते बसून येईल."

एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. तिथं त्यांनी पेटी बसवली आणि स्वतः पूर्ण रस्ता दांडीला धरून उभे राहिले. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याने वाकून विचारलं, "मास्तर, हा तुमच्या व्हायोलिनचा बाप हाय काय?" लोक पुन्हा हसले. पंचवीस वर्षांत त्या गाडीत माझ्या पेटीकडे कुणी असं वळून पाहिलं नव्हतं.

साहेबांनी मात्र पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "व्हायोलिन? वा! वाचता येतं?"

"मी वाजवतो," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे. पण नोटेशन? पाच रेघांचं? ते वाचता का?"

मला वाचता येत नव्हतं. मी सारेगमवर शिकलेला माणूस. "कधी गरज नाही पडली," मी सांगितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

ते फॅक्टरीत चार्जमन होते, कामगारांवर देखरेख करणारे. मूळचे जबलपूरचे, मराठी घरचे, लग्न न केलेले. बदली होऊन जवाहरनगरला आले आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहू लागले. त्या दोन खोल्यांतली चांगली खोली चेलोची. घरात कूलर एकच, तो त्या खोलीत. मे महिन्यात भंडारा कसं तापतं ते सांगायला नको. हे बाहेर व्हरांड्यात बाजेवर ओला टॉवेल छातीवर टाकून पडायचे आणि आत वाद्य वाळ्याच्या गारव्यात उभं. लाकूड तडकू नये, हवेत ओल राहावी म्हणून पेटीत कच्चे बटाटे चिरून ठेवायचे. शेजारच्या वहिनींनी मला डोळे मोठे करून सांगितलं होतं, "मास्तर, तेच बटाटे दुसऱ्या दिवशी भाजीत टाकते हा मानूस!" मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मग काय फेकून देऊ? चांगले असतात."

संध्याकाळी फॅक्टरीची बस यायची. हातपाय धुऊन सव्वासहाला ते वाजवायला बसायचे. वाजवण्याआधी एक नाव घ्यायचे. मग वय. मग तो माणूस कुठं मेला ती जागा. समोर कुणी असो वा नसो, मोठ्यानं, शाळेत हजेरी घेतात तसं.

अशी सात नावं होती, आठवड्याच्या सात दिवसांना वाटलेली. त्यांतली सहा माझ्या जिभेवर आजही बसत नाहीत, म्हणून इथं कुणाचंच लिहीत नाही. सगळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, युरोपातले संगीतकार. ज्यू होते, किंवा तिथल्या राजवटीला नको ते बोलले होते. आधी त्यांचं संगीत वाजवायला बंदी झाली, मग त्यांना छावण्यांत कोंडलं, आणि बहुतेकांचं तिथंच संपलं. साहेब तरुणपणी नोकरीच्या ट्रेनिंगला पाच वर्षं मुंबईत होते. तिथं त्यांना चेलो शिकवणारी एक म्हातारी परदेशी बाई भेटली. ती वयाच्या विशीत हेच वाद्य घेऊन बोटीनं पळून आली होती. पुढं सिनेमात वाजवणाऱ्यांना शिकवून तिनं पोट भरलं. साहेब मुंबई सोडताना तिनं त्यांना एक पत्र्याची ट्रंक दिली. आत त्या सातांच्या रचनांचे, हातानं उतरवलेले कागद. "मॅडम म्हणाल्या, मी पळाले, यांना पळता आलं नाही," साहेब सांगायचे. "म्हणाल्या, रोज एकाला वाजव. म्हणजे आठवड्यात सगळे एकदा तरी येऊन जातात."

दुसरं ते काही वाजवतच नसत. कॉलनीच्या गणपतीत लोकांनी फार आग्रह केला, साहेब, एखादं गाणं होऊन जाऊ द्या. ते हसून म्हणाले, "गाणी वाजवायला मास्तर आहेत ना. यांना कुणी नाही."

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते वाक्य मी पुढं कित्येक वर्षं चघळत राहिलो. गाणी वाजवायला मास्तर आहेत.

मी त्यांच्याकडे जात मात्र राहिलो. का, ते सांगणं अवघड आहे. कॉलनीत शिकवणी संपली की पाय आपोआप त्या क्वार्टरकडे वळायचे. त्यांचा हात काही फार तयार नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. वरच्या सुरांत बोट घसरायचं, गज मध्येच खरखरायचा. माझा हात त्यांच्यापेक्षा नक्कीच सफाईचा. पण मी वाजवताना समोरच्या चेहऱ्यांकडे बघतो, आवडतंय की नाही. ते कुणाकडेच बघत नसत. त्यांना कुणाला खूश करायचंच नव्हतं. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो म्हणून स्वतःचा राग यायचा.

नोटेशन शिकवतो म्हणून ते तीनदा म्हणाले. मी तिन्ही वेळा वेळ नाही म्हणालो.

मग ते एका रविवारी आमच्या घरी आले, आणि माझे वडील त्यांचे झाले.

आमचं घर भंडाऱ्यात, कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात. बाबांनी साठ वर्षं हातमागावर कोसा रेशीम विणलं. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या खटखटीत त्यांचे कान गेले होते. माझ्या वाजवण्याबद्दल त्यांनी कधी बरं-वाईट काढलं नव्हतं. कार्यक्रमाला यायचे, पहिल्या रांगेत बसायचे, घरी येऊन जेवून झोपायचे. माझं वाजवणं त्यांना पोरखेळ वाटतो, विणकराच्या पोरानं माग सोडला म्हणून मनात राग आहे, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नाही.

साहेबांनी चेलो काढला तेव्हा बाबा खाटेवर बसले होते. पहिलाच लांब, जाड सूर निघाला आणि बाबांनी मान वर केली. उठले, सरकत सरकत पुढं आले आणि त्यांनी वाद्याच्या पाठीवर तळवा ठेवला. मी म्हणालो, "बाबा, हात काढा." साहेबांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि वाजवत राहिले.

मग ते थांबले आणि एकेक तार बोटानं छेडू लागले, जाड तारेकडून बारीक तारेकडे. "बाबा, हे ऐकू येतं?"

"येते."

"हे?"

"येते."

"आणि हे?"

"थोडंसं."

"मास्तर, तुमचं व्हायोलिन काढा. वरच्या तारेवर काहीतरी वाजवा."

मी वाजवलं. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. बघता बघता म्हणाले, "सुरू झालं काय?"

साहेबांनी गज मांडीवर ठेवला. मीच ओरडून विचारलं, "बाबा, तुमाले मायं व्हायोलिन ऐकूच येत नाही काय?"

"बारीक आवाज नाही येत मले," बाबा म्हणाले. "लय वर्षं झाली. लोकं टाळ्या वाजवत, मंग मले समजे का पोरगा चांगला वाजवते."

साहेबांना जे अर्ध्या तासात कळलं ते मला तीस वर्षांत कळलं नव्हतं. त्यांचे उपकार मानायला हवे होते. मी मानले नाहीत. खरं तर त्याच दिवशी मी जाड तारेवर काही वाजवून बघायला हवं होतं. तेही केलं नाही. व्हायोलिनची सगळी मजा वरच्या तारांत असते, मी खाली कशाला उतरू?

त्यानंतर साहेब दर रविवारी यायचे. बाबा सकाळपासून धुतलेली बंडी घालून तयार. तळवा वाद्याच्या पाठीवर आणि डोळे मिटलेले. दोघांचं काय काय चालायचं. बाबा विचारत, ही तार तांतीची, आतड्याची का? किती ताण देता? ओल्या दिवसांत ढिली पडते ना, आमचा ताणाबी पडते. साहेब त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगत. मी मधल्या खोलीत बसून शाळेतल्या पोरींच्या वह्या तपासल्याचं सोंग करायचो.

त्या सातांतला रविवारचा सगळ्यांत लहान होता. पंचवीस वर्षांचा. त्याला छावणीतून कोळशाच्या खाणीवर मजुरीला पाठवलं आणि तिथंच तो गेला. त्याची एक रचना चेलो आणि व्हायोलिन अशा दोघांसाठी होती. मॅडमच्या ट्रंकेत फक्त चेलोचे कागद होते, व्हायोलिनचे कुठंतरी हरवलेले. साहेब ती एकट्यानंच वाजवायचे. व्हायोलिनची जागा आली की गज उचलून ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत बसायचे, मग पुन्हा सुरू.

अशाच एका थांब्यावर बाबांनी डोळे उघडले. "इथं धागा तुटला काय?"

साहेबांचे डोळे भरून आले. "हो बाबा. तुटला. चाळीस वर्षं शोधतोय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सापडला की तुम्ही वाजवायचं, मास्तर."

मी बघू म्हणालो.

चिखला गावातली गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण ती मी जाणूनबुजून केली. तिथल्या मॅंगनीज खाणीच्या कॉलनीत दरवर्षी आमचा ऑर्केस्ट्रा जायचा. दिवसभर जमिनीखाली काम करून आलेली माणसं. त्यांना ठेक्याची गाणी लागतात. ठेका पडला की शिट्ट्या मारतात, जमलं नाही तर उठवून लावतात. मी आयोजकांना म्हटलं, यंदा एक खास कलाकार आणतो. साहेबांना म्हटलं, मोठा समाज आहे, तुमच्या लोकांची नावं त्यांच्या कानावर पडतील. ते लगेच तयार झाले. दोन दणकेबाज गाण्यांच्या मध्ये मी त्यांना उभं केलं. एकदा तरी त्यांची हुर्यो उडालेली मला बघायची होती. इतकं साधं होतं ते.

ते स्टेजवर बसले. लोकांत हसाहशी सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "मोठं व्हायोलिन आलं रे!" साहेबांनी नेहमीसारखं नाव घेतलं. वय सांगितलं, पंचवीस. आणि म्हणाले, "कोळशाच्या खाणीत जबरदस्तीनं कामाला लावलं होतं. तिथंच गेला."

पुढच्या रांगांतला आवाज तिथंच थांबला. मागच्या रांगांना पुढच्यांनी गप्प केलं.

सात-आठ मिनिटं वाजलं असेल. थांब्यांसकट. शेवटी ते हात वर करून म्हणाले, "टाळ्या नकोत." कुणी वाजवणारही नव्हतं. पहिल्या रांगेतला एक वयस्क मजूर उठून स्टेजपाशी आला. "साहेब, किती फूट खाली होता तो पोरगा?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले.

"पानी होतं काय खाली? का गॅस?"

"तेही माहीत नाही."

"इतकी वर्षं त्याचं वाजवता अन् हे कधी पुसलं नाही?" तो माणूस रागानं नाही, नवलानं बोलला.

त्यानंतर आमचं गाणं सुरू झालं. माझा तुकडा मी नेहमीपेक्षा चांगला वाजवला. एक शिट्टी आली नाही.

परतताना जीपमध्ये साहेब पेटी दोन्ही हातांनी धरून बसले होते. तुमसर आलं तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मी विचारायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे हातानं लिहिलेलं इंग्रजी पत्र घेऊन आले. परदेशातल्या एका संग्रहालयाला लिहिलं होतं. या संगीतकारानं ज्या खाणीत काम केलं ती किती खोल होती, तिथं पाणी होतं का, आमच्याकडच्या खाणकामगारांना जाणून घ्यायचं आहे. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. ईमेल माझ्याकडे. मी ते टाईप करून पाठवलं.

उत्तर दिवाळी झाल्यावर आलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ते उघडलं. खाणीच्या खोलीबद्दल आमच्याकडे काही नोंद नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पण तुमच्या पत्रामुळं आम्ही ते बासन पुन्हा काढलं, आणि त्यात या रचनेचा व्हायोलिनचा भाग निघाला. सोबत जोडत आहोत.

चार पानं होती. हातानं काढलेल्या रेघा, वर शाईचे ठिपके. मला त्यातलं काहीही वाचता येत नव्हतं.

संध्याकाळी मी साहेबांना सांगितलं, "उत्तर आलं. खोलीबद्दल माहीत नाही म्हणतात."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

का लपवलं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आधी वाचायला शिकतो, तयार करतो, मग एकदम समोर उभं राहून वाजवतो. ते अगदीच खोटं नव्हतं. कामठीला एक रिटायर झालेले बँडमास्तर होते, त्यांच्याकडे मी चार रविवार गेलो. साहेब आमच्या घरी बाबांसमोर वाजवत असताना मी कामठीला त्यांचीच पानं उलगडत होतो. मला वाटत होतं, हा भाग कठीण असणार. चाळीस वर्षं माणूस ज्याच्यासाठी थांबलाय त्यात व्हायोलिन कसं झळकत असेल! साहेबांचा चेलो मागं पडेल, बाबांना नाही तरी निदान साहेबांना तरी कळेल, वाजवणं कशाला म्हणतात.

बँडमास्तरांनी पानं पुढंमागं केली आणि म्हणाले, "इसमें है क्या मास्टर? बच्चा भी बजा लेगा."

लांब लांब सूर. तेही सगळे खालच्या जाड तारेवर. एक सूर धरायचा, आठ मात्रा, बारा मात्रा, धरून ठेवायचा. मग गप्प. मग पुन्हा एक सूर. त्या धरलेल्या सुरावर चेलोनं गायचं. मी तानपुरा होतो. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली त्या जागेतसुद्धा मी त्यांचा तानपुराच होतो.

मी पानं घडी करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. बायकोला ती सापडली. "हे त्या साहेबाचे कागद ना? देऊन टाका ना त्याईले."

"देतो."

"कवा?"

"देतो म्हटलं ना."

तिनं पानं पुन्हा साड्यांखाली सरकवली. "तुमाले बुवा त्याईचं काय दुखते समजत नाही," म्हणाली आणि कपाट लावून गेली.

संक्रांत गेली, होळी गेली. दर रविवारी साहेब त्या जागी थांबून मात्रा मोजायचे आणि मी मधल्या खोलीत बसून त्यांच्याबरोबर मनात मोजायचो. आता कुठं कोणता सूर हवा ते मला पाठ झालं होतं. कधी कधी तो सूर माझ्या घशापर्यंत यायचा. पण जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

मे अखेर ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं, जबलपूरला बहिणीकडे जायचं ठरलं. शेवटच्या रविवारी ते बाबांकडे आले. वार त्या पंचवीस वर्षांच्या पोराचाच होता, तरी बाबांनी त्याचंच मागून घेतलं. "तो तुटलेला वाजवा," म्हणाले.

साहेबांनी नाव घेतलं, वय सांगितलं, सुरू केलं. पहिली थांबायची जागा येत होती. मी काय करतोय ते मला नीट कळत नव्हतं. उठलो, पेटी उघडली, व्हायोलिन खांद्याला लावलं. त्यांनी गज उचलला आणि त्या रिकाम्या जागेत मी जाड तारेवर तो सूर धरला.

साहेबांची मान झटक्यात वळली. पण ते थांबले नाहीत. माझा सूर आठ मात्रा चालला आणि त्याच्यावर त्यांनी पुढची ओळ ठेवली. पानं माझ्यासमोर नव्हती, लागलीही नाहीत. इतक्या वर्षांच्या वाजवण्यात मी एवढं कमी कधी वाजवलं नसेल, आणि एवढं घाबरूनही नाही. संपलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

बाबांनी डोळे उघडले. एकदा साहेबांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "आज दोन धोटे चालत होते," म्हणाले. "एक तुया होता काय?"

"हो बाबा."

"आयकू आला मले."

मला वाटलं आता सगळं मिटलं. साहेबांनी गज खाली ठेवला. "कधी आलं?"

"दिवाळी झाल्यावर."

"त्याच पत्रासोबत?"

"हो."

ते बोटांवर महिने मोजत होते. "सात महिने," म्हणाले. "सात महिने मी त्याला अर्धाच वाजवला. आणि कागद तुमच्या घरात होते. या घरात. मी इथं बसून थांबत होतो."

"चूक झाली साहेब. माफ करा."

"मला काय सांगता? मी तर येऊन-जाऊन वाजवणारा माणूस. त्याला सांगा. नाव घ्या त्याचं."

मी नाव घेतलं. चुकलं. त्यांनी दुरुस्त केलं. पुन्हा चुकलं, पुन्हा दुरुस्त केलं. माझ्या स्वतःच्या घरात, वडिलांसमोर, पन्नाशीच्या मास्तराकडून त्यांनी ते नाव चार वेळा घोटून घेतलं. चौथ्यांदा मान हलवली. मग मी वय सांगितलं. मग जागा.

बाबा माझे ओठ बघत होते. त्यांना एवढंच कळलं की कुणीतरी गेलंय. "कोन गेलं गा?" त्यांनी विचारलं.

"एक पोरगा, बाबा. लय वर्षं झाली."

"आपल्यातला होता काय?"

साहेब त्यांच्या कानाशी वाकले. "हो बाबा," मोठ्यानं म्हणाले. "आपल्यातलाच."

मी कपाटातून पानं आणून दिली. त्यांनी ती शर्टाच्या आत, छातीशी घातली. मी पेटी उचलायला पुढं झालो तर म्हणाले, "राहू द्या." बाबांच्या पाया पडले आणि निघून गेले.

दोन वर्षं त्यांचा फोन नाही, पत्र नाही. बाबांना मी सांगायचो, दूर गेलेत, येतील. मधून मधून मी बाबांच्या शेजारी बसून जाड तारेवर वाजवतो. ते ऐकतात. चांगलं म्हणतात. मग विचारतात, "अन् तो दुसरा?"

या थंडीत वर्तमानपत्रात छोटीशी बातमी वाचली, नागपुरात त्यांचा कार्यक्रम. बाबांना आता चालवत नाही. मी एकटाच गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. सातही नावं झाली. सगळ्यांत शेवटी ते दोघांचं. व्हायोलिनवर पुण्याची एक मुलगी होती, पंचविशीची असेल, समोर स्टँडवर पानं. मी तिच्या चुकांची वाट बघत बसलो. पहिला सूर, दुसरा सूर, बारा मात्रांचा तो तिसरा, जिथं माझा गज संपत आला होता. तिचा नाही संपला. तिच्या सुरात काहीही दाखवायचं नव्हतं. मी शेवटपर्यंत वाट बघितली. चूक आली नाही.

टाळ्या नव्हत्याच. लोक हळूहळू उठून स्टेजपाशी जमले. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा साहेब पेटीच्या कड्या लावत होते. मला बघून थांबले.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. चालवत नाही आता."

"मी येईन त्यांच्याकडे. होळीच्या सुमारास."

"या ना. मी व्हायोलिन लावून ठेवतो."

त्यांनी शेवटची कडी लावली. "बाबांना विचारून ठेवा, कोणता वार चालेल," म्हणाले, आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून हसले.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात किराण्याच्या दुकानापाशी एकानं हटकलं. "मास्तर, तुमच्या साहेबाचा मोठा प्रोग्राम झाला म्हनते नागपूरले. पेपरात फोटो हाय. तुमी काहून नाही वाजवलं संगं?"

"तारीख जमली नाही," मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी मला सकाळपासून काहीच काम नव्हतं.